सुई न टोचणारे डॉक्टर

(आमच्या केंद्राच्या दुपारच्या कार्यक्रमातलं हे बोलणं. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)

शेतातून आला असाल, तर आधी पाणी प्या, मग ऐकत बसा.

मागच्या पंधरवड्यात एका गटातल्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, माझी भाची एम.ए. झाली. आता म्हणते, अमेरिकेत जाऊन अमेरिकन स्टडीजमध्ये डॉक्टर होणार. घरात रोज वाद चाललाय. दीर म्हणतात, सुई टोचत नाही ती कसली डॉक्टर? आणि अमेरिकेचा अभ्यास अमेरिकेच्या लोकांनी करावा, आपल्या पोरीने कशाला? तुम्हीच सांगा, तिथे करतात तरी काय?"

आम्हालाही धड सांगता येईना. मग आम्ही पुस्तकं काढली, जाणत्यांना विचारलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

दिरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर आपल्याच घरात आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाल्या, सुई टोचणाऱ्या बरं का, त्या पदवीच्या समारंभाला गेल्या आणि १८८८पर्यंत तिथे हिंडल्या. शाळा पाहिल्या, घरं पाहिली, बायकांच्या संस्था पाहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. अमेरिकेत या अभ्यासाचा वेगळा विभाग निघायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती. तेव्हा आपल्या पोरीने कशाला, असं कुणी म्हणालं तर रमाबाईंचं नाव सांगायचं.

आता पहिला प्रश्न. पीएच.डी. म्हणजे एका विषयावर स्वतः शोध घेऊन, कुणी आधी न सांगितलेलं काहीतरी पुराव्यानिशी मांडायचं. ते जाणत्यांना पटलं की नावाआधी डॉक्टर लागतं. अमेरिकेत याला सहा-सात वर्षं सहज जातात. पहिली दोनेक वर्षं वर्गात बसून वाचायचं. मग दोन-तीन विषयांच्या लांबलचक पुस्तकयाद्या वाचून तीन-चार प्राध्यापकांसमोर परीक्षा द्यायची. मग आपला विषय मांडायचा, शोधायला बाहेर पडायचं, आणि शेवटी लिहीत बसायचं. लिहायचा भाग सगळ्यात लांबतो म्हणतात.

आणि अमेरिकन स्टडीज? इतिहासवाले जुने कागद पाहतात, साहित्यवाले कथा-कविता पाहतात, समाजशास्त्रवाले माणसांशी बोलतात. इथे हे सगळं एकाच प्रश्नासाठी वापरायची मुभा असते. गाणं, सिनेमा, जेवण, कपडा, बाहुली, काहीही घ्या, आणि त्यातून हा देश कसा घडला ते दाखवा. म्हणून तिथे येणारी माणसंही एका साच्यातली नसतात.

सुरुवातीला मात्र ती एका साच्यातलीच होती. हार्वर्ड विद्यापीठात १९३७ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला. १९४० साली तिथून हेन्री नॅश स्मिथ हे पहिले डॉक्टर झाले. त्यांचं पुस्तक १९५० साली आलं आणि गाजलं. अमेरिकेच्या लोकांनी पश्चिमेकडची जमीन कशी मनात रंगवली, रिकामी, कोरी, नांगराची वाट पाहणारी, हे त्यात सांगितलं होतं. अभ्यास मोठाच होता. पण ती जमीन रिकामी नव्हती ना! तिथे आदिवासी राहत होते, त्यांची शेतं होती, शिकारीची रानं होती. पुस्तकात ती माणसं नावालाच. स्मिथ यांनी पुढे म्हातारपणी, त्या लोकांवर झालेल्या जबरदस्तीकडे आपण पुरेसं पाहिलं नाही, असं स्वतः लिहिलं. ते आम्हाला आवडलं. चूक कबूल करणारे विद्वान थोडे.

पण विचार करा, ही चूक आधीच कुणाच्या लक्षात आली असती? ज्यांच्या आज्या-पणज्या त्या जमिनीवर राहत होत्या, त्यांच्या. तशी माणसं वर्गात नव्हती, म्हणून प्रश्न निघाला नाही. पुढे १९६०-७०च्या चळवळींनंतर काळ्या लोकांची मुलं, आदिवासींची मुलं, मजुरांची मुलं, बाहेरून आलेल्यांची मुलं आणि मुख्य म्हणजे बायका या वर्गांत जास्त दिसू लागल्या. त्यातल्या चौघांविषयी सांगतो. वहिनींच्या घरी हेच चौघं कामाला येतील असं वाटतं.

पहिले फिलिप डेलोरिया. डकोटा नावाच्या आदिवासींच्या घराण्यातले. हे आधी शाळेत मुलांना वाजंत्री शिकवायचे, बँड बसवायचे. मग पत्रकारिता शिकले. आणि मग येल विद्यापीठात अमेरिकन स्टडीजमध्ये गेले, १९९४ साली डॉक्टर झाले. त्यांचा प्रश्न ऐका. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रजांच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, ही गोष्ट तिथल्या शाळेत प्रत्येक मूल शिकतं. फेकणाऱ्यांनी त्या रात्री आदिवासींचा वेश केला होता. डेलोरिया म्हणाले, का? दुसरा वेश नव्हता का? मग त्यांनी शोधत नेलं: गोऱ्या लोकांच्या गुप्त मंडळ्या, मुलांची शिबिरं, अगदी हल्लीहल्लीपर्यंत, पुन्हा पुन्हा तोच वेश. आम्ही इंग्रज नाही, आम्ही या मातीचे, असं दाखवायचं असलं की पिसं लावायची. आणि ज्यांची पिसं, त्यांची जमीन त्याच काळात काढून घ्यायची. हा प्रश्न शंभर जणांच्या डोळ्यांसमोर होता. विचारला तो एका बँडमास्तरने.

पुढे त्यांच्याच घरातून आणखी एक गोष्ट निघाली. त्यांच्या आजोबांची बहीण, मेरी सली, चित्रं काढायची. कुठल्या मोठ्या चित्रशाळेत शिकलेली नाही, लोकांत मिसळायला बुजणारी. तिची थोरली बहीण एला डकोटा लोकांची भाषा आणि गोष्टी लिहून घ्यायला गावोगाव मोटारीने हिंडायची, ही तिच्यासोबत. पैशाची कायम ओढाताण. रंगीत पेन्सिलींनी तिने शंभरावर चित्रं काढली. प्रत्येक चित्राचे एकाखाली एक असे तीन भाग, आणि त्यात मण्यांच्या कामातली, कातड्यावरच्या नक्षीतली डकोटा बायकांची रचना. १९६३ साली ती वारली. चित्रं पेटीत राहिली. पेटी घरात होती, फेकली नाही, एवढंच. डेलोरियांनी त्यावर २०१९ साली पुस्तक लिहिलं आणि २०२४ साली न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या कलासंग्रहालयात ती चित्रं भिंतीवर लागली.

दुसऱ्या साइकी विल्यम्स-फॉर्सन. मेरीलँड विद्यापीठातून अमेरिकन स्टडीजच्या डॉक्टर. यांचा विषय काय होता माहीत आहे? तळलेली कोंबडी! हसू नका. व्हर्जिनिया राज्यात गॉर्डन्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथे दोन रेल्वेमार्ग एकत्र यायचे. गुलामी संपल्यावर तिथल्या काळ्या बायका घरी कोंबडी तळायच्या, पाव, कॉफी, गोड पदार्थ करायच्या, परातीत भरून डोक्यावर घ्यायच्या आणि गाडी थांबली की खिडकी-खिडकीशी विकायच्या. एसटी स्टँडवर वडापाव, भाजलेले दाणे विकणाऱ्या आपल्या बायका डोळ्यांसमोर आणा. त्या पैशावर घर चाललं, पोरं शिकली. त्यांच्यातल्या एकीच्या लेकीने पुढे सांगून ठेवलं की आईने हे घर कोंबडीच्या तंगड्यांवर उभं केलं. पुस्तकाला नावही त्यावरूनच दिलंय. ते २००६ साली निघालं.

पण विल्यम्स-फॉर्सन बाई नुसतं कौतुक करून थांबल्या नाहीत, म्हणून त्यांचं काम मोठं. त्याच काळात गोरे लोक काळ्यांना कोंबडीचोर म्हणून हिणवायचे. तशी चित्रं, तशी गाणी, तशी पोस्टकार्डं छापायचे. म्हणजे जी वस्तू विकून घर उभं राहिलं, तीच वस्तू टोमणा म्हणून तोंडावर मारली जायची. आजही काही काळ्या बायका चारचौघांत कोंबडी खायला संकोचतात. एखादा पदार्थ एकाच वेळी कमाई आणि अपमान कसा होतो, हे त्यांनी उलगडलं. आपल्याकडे कुणाच्या ताटात काय आहे यावरून कोण कुणाला काय म्हणतं, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

तिसरे विवेक बाल्ड. हे सिनेमा करणारे. टॅक्सी चालवणाऱ्यांवर, गाणाऱ्यांवर माहितीपट केले आणि नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात अमेरिकन स्टडीजचे डॉक्टर झाले. त्यांच्या शोधाचं टोक आपल्या देशात, बंगालमधल्या हुगळीच्या खेड्यांत आहे. तिथे बायका घरात बसून कापडावर चिकनचं भरतकाम करायच्या. ते कापड गाठोड्यात बांधून १८८०च्या आसपासपासून त्या भागातले मुसलमान फेरीवाले थेट अमेरिकेला न्यायचे. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकाठी, जिथे लोक हवा खायला यायचे, आणि थंडीत खाली न्यू ऑर्लिन्सकडे. त्यांच्यामागून बोटीवर कोळसा ओढणारे बंगाली खलाशी आले. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरायचे आणि बोटीवर परत जायचेच नाहीत. १९१७ साली अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद केलं, तरी येत राहिले. गोऱ्या वस्तीत जागा मिळेना, तेव्हा काळ्या लोकांच्या आणि पोर्तो रिको बेटावरून आलेल्यांच्या वस्तीत राहिले, तिथल्याच बायकांशी लग्नं केली.

यांचा इतिहास कुणी लिहिला नव्हता, कारण यांच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. बाल्ड यांनी बोटींच्या याद्या, खानेसुमारीची पानं, लग्नाचे दाखले एकेक करून धुंडाळले. आणि तिथल्या कारकुनांनी नावं लिहिलेली! एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. आपल्या सातबाऱ्यावर, आधारवर आणि बँकेत नाव वेगवेगळं लागलं की किती चपला झिजतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तक २०१३ साली आलं. अलाउद्दीन उल्ला नावाचे एक विनोदी नट आहेत, त्यांचे वडील असेच बंगालमधून आलेले आणि आईही तिकडचीच. त्यांना सोबत घेऊन बाल्ड यांनी २०२२ साली सिनेमाही केला. चिकन काढणाऱ्या त्या हुगळीच्या बायका मात्र कागदांवर जवळजवळ नाहीतच. त्यांचा टाका अमेरिकेला गेला, नाव गावातच राहिलं.

चौथ्या टाया माइल्स. यांच्याजवळ जरा जास्त वेळ बसू या.

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातली ही काळी मुलगी. मिनेसोटा विद्यापीठातून २००० साली अमेरिकन स्टडीजची डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषयच अवघड जागी हात घालणारा होता. चेरोकी आदिवासींमधला एक पुरुष आणि त्याने गुलाम म्हणून ठेवलेली काळी बाई, डॉल तिचं नाव. तिच्यापासून त्याला मुलं झाली. स्वतः छळ सोसलेले आदिवासीही काळ्यांना गुलाम ठेवत होते, ही गोष्ट दोन्हीकडच्यांना नकोशी. टायाबाईंनी ती मांडली.

वीस वर्षांनी त्यांनी एका पिशवीवर पुस्तक लिहिलं. टेनेसी राज्यात २००७ साली एका बाईला जुन्या बाजारात चिंध्यांच्या ढिगात एक सुती पिशवी सापडली. धान्या-बियाण्याला वापरतात तशी साधी, ठिगळं लावलेली. त्यावर रंगीत दोऱ्याने दहा ओळी भरलेल्या. अर्थ असा, की माझ्या पणजीने, रोजने, आपली लेक अ‍ॅशली नऊ वर्षांची असताना विकली गेली तेव्हा तिला ही पिशवी दिली. आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकन, आणि रोजच्या केसांची एक वेणी. यात माझी माया कायम भरलेली राहील, असं ती म्हणाली. पुन्हा दोघींची भेट झाली नाही. अ‍ॅशली माझी आजी. खाली सही, रूथ मिडलटन, १९२१.

पेकन म्हणजे अक्रोडाच्या जातीचं एक फळ.

हे आम्ही कार्यालयात वाचत होतो तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही.

आता यावर अभ्यास करायचा कसा? रोजला लिहिता येत नव्हतं. गुलामांना लिहायला शिकवणं तिथे गुन्हा होता. टायाबाईंनी आणि त्यांच्याआधी आणखी एका अभ्यासकाने साउथ कॅरोलायनातल्या मालकांच्या मालमत्तेच्या याद्या पाहिल्या. त्या याद्यांत माणसांची नावं भांडी, खुर्च्या, जनावरं यांच्याबरोबर, पुढे किंमत लावून लिहिलेली असतात. रोज नावाच्या बायका पुष्कळ. अ‍ॅशली हे नाव मात्र दुर्मीळ. रॉबर्ट मार्टिन नावाचा मालक १८५२ साली मेला, त्याच्या कागदांत दोन्ही नावं मिळाली.

कागद तिथे संपले. मग त्यांनी पिशवीतली एकेक वस्तू घेतली. झगा का? कारण गुलामांनी कसलं कापड घालायचं यावर तिथे १७३५ सालापासून कायदा होता, जाडंभरडंच घालायचं. अंगावरचा कपडा मिळणं, टिकणं, हीच मोठी गोष्ट. पेकन का? ते त्या भागात तेव्हा सर्रास मिळत नव्हते, बाहेरून यायचे. तेव्हा रोज बहुधा मालकाच्या स्वयंपाकघरात असावी, आणि लेकीला वाटेत पोटाला आधार व्हावा म्हणून तिने जे टिकाऊ, जे ताकदीचं, तेच दिलं असावं. वेणी का? कारण तिच्या देहावरही मालकाचा हक्क होता, आणि तरी केस कापून दिले ते तिच्या मर्जीने. टायाबाई जिथे पुरावा आहे तिथे ठाम बोलतात आणि जिथे नाही तिथे ‘असावं’ म्हणतात. हा फरक ज्याला पाळता येतो, त्याला आम्ही अभ्यासक म्हणू. पुस्तक २०२१ साली आलं आणि त्याला तिथला मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गुलामीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. रोजच्या आणि अ‍ॅशलीच्या देशाकडे तेव्हाही पुण्यातून कुणीतरी पाहत होतं.

आता वहिनींनी विचारलं नव्हतं, पण विचारायला हवं ते. या अभ्यासात सगळंच चांगलं आहे असं नाही. काही प्रबंधांची भाषा अशी असते की लिहिणाऱ्यालाच कळो. सहा-सात वर्षं घालवूनही कॉलेजात पक्की नोकरी मिळेलच असं नाही, तिथेही जागा कमी आणि उमेदवार फार. आणि ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्या हाती काय लागतं, हा प्रश्न तर आपल्याही गावाचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कुणीतरी सर्वेक्षणाला आलं होतं. बायकांना दोन दिवस मजुरी बुडवून बसवलं, चहा आम्हीच पाजला, ओव्या टेप करून नेल्या. पुढे ना कागद आला, ना टेप. अशा अभ्यासाचा आम्हाला राग आहे. म्हणूनच, नटाला सोबत घेऊन त्याच्याच बापाची गोष्ट शोधणारे बाल्ड आणि घरच्या पेटीतली चित्रं लोकांसमोर नेणारे डेलोरिया आम्हाला जवळचे वाटले.

पैशाचं सांगतो, कारण दिरांचा खरा प्रश्न तोच असणार. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं पीएच.डी.च्या मुलांची फी माफ करतात आणि महिन्याला खर्चापुरते पैसे देतात. त्या बदल्यात खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवावं लागतं, त्यांचे पेपर तपासावे लागतात. पैसे बेताचेच. म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी कामगारांसारख्या युनियनही केल्यात. भाचीला प्रवेश मिळाला तर पत्रात फी माफ आहे का, महिन्याचे किती, किती वर्षं, हे नीट वाचून घ्या. ते लेखी नसेल तर जमीन गहाण टाकून पाठवू नका. हे आम्ही स्पष्टच सांगतो.

आणि भाचीसाठी एक. प्रवेशाच्या अर्जात, मला काय शोधायचं आहे आणि मला का, असं दोन-तीन पानं लिहावं लागतं. मुली तिथे मोठमोठ्या पुस्तकांची नावं लिहितात. वहिनी, तुम्ही फोनवर बोलता बोलता सांगितलंत की तिची आई बारा वर्षं चहाची टपरी चालवते, आणि भाचीला ते कॉलेजात सांगायची लाज वाटते. कोंबडी विकणाऱ्या बायकांवर डॉक्टर झालेल्या बाईंचं नाव तिला कागदावर लिहून द्या. साइकी विल्यम्स-फॉर्सन. हे नाव म्हणायला आम्हालाही तीनदा सराव करावा लागला.

दिरांचं काय ठरलं ते कळवा. फोन नेहमीच्याच नंबरावर, दुपारी दोननंतर. त्याआधी इथे कुणी नसतं, सगळ्या शेतावर असतात.